ही गाडी कोणासाठी?

गेमच्या तक्रारी घेऊन येणारे पालक मला नवे नाहीत. गोळीबार, अनोळखी माणसांशी मध्यरात्रीपर्यंत चाललेली बडबड, आईच्या खात्यातून परस्पर गेलेले पैसे, हे सगळं ऐकून झालंय आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी रास्तही असतात. हल्ली मात्र एक वेगळीच तक्रार कानावर येते. "बाई, हा गेम खेळतो म्हणावं तर त्यात काही घडतच नाही हो! तासभर एका इंजिनाकडे बघत बसतो. मध्येच एखादा आकडा बदलतो, परत आलेख बघतो, परत बदलतो. याला काय म्हणायचं?"

याला गाडी ट्यून करणं म्हणायचं. आणि तुमच्या घरात असं मूल असेल, मुलगा असो की मुलगी, तर त्याच्याशी काय बोलायचं याची थोडी तयारी तुम्हालाही करायला हवी. नाहीतर 'पुरे झालं आता, बंद कर ते' एवढ्या एका वाक्यावर तुमचा त्या विषयातला सगळा संवाद संपतो.

आधी तिथे चाललंय काय ते बघू. 'ऑटोमेशन' नावाचा एक गेम आहे. न्यूझीलंडच्या कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर कंपनीचा; २०१५ पासून तो 'स्टीम'वर मिळतो. यात खेळणारा हा मोटार कंपनीचा मालकही असतो आणि तिचा इंजिनियरही. इंजिन किती सिलिंडरचं, ब्लॉक बिडाचा की अ‍ॅल्युमिनियमचा, बोअर केवढा, स्ट्रोक केवढा, व्हॉल्व्ह कसे उघडायचे, कार्बोरेटर लावायचा की फ्युएल इंजेक्शन, सायलेन्सर कसला, सगळं त्यानेच ठरवायचं. मग इंजिन चाचणीला लागतं आणि पडद्यावर दोन रेषा चढत जातात, एक ताकदीची आणि एक टॉर्कची. इंजिन जमलं की चासी, गिअर, सस्पेन्शन, टायर, ब्रेक. तयार झालेली गाडी 'बीमएनजी ड्राइव्ह' या दुसऱ्या गेममध्ये नेऊन चालवताही येते. तो जर्मनीतल्या ब्रेमेनच्या मंडळींचा. तिथे गाडी भिंतीला घासली तर पत्रा चुरगळतो आणि चाक वाकडं होतं, कारण गाडीचा प्रत्येक भाग ताण आणि धक्का यांच्या गणितावर उभा केलेला असतो. चाक वाकलं की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, तेही खऱ्यासारखंच.

आता या खेळातली खरी गंमत. इथे कुठलीच गोष्ट फुकट मिळत नाही. इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढवलं तर तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त ताकद निघते. पण फार दाबलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच आपोआप पेट घेतं आणि इंजिन ठोकायला लागतं. मग एक तर जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घाला, नाहीतर इग्निशनचं टायमिंग मागे घ्या आणि मिळवलेल्या ताकदीतली थोडी परत करा. कॅम असा निवडला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतील, तर इंजिन वरच्या आरपीएमला गाऊ लागतं, आणि सिग्नलवरून निघताना मात्र गाडी उचलतच नाही. गिअर आखूड केले की पिकअप येतो, टॉप स्पीड जातो. स्प्रिंग कडक केल्या की वळणावर गाडी कमी कलते, पण मागच्या सीटवरच्या आजीची कंबर जाते. (आजी गेममध्ये नसते. तिथे 'कम्फर्ट' नावाचा आकडा असतो आणि तो खाली येतो.)

माणूस मोठा होतो म्हणजे काय, तर काहीतरी मिळवायला काहीतरी सोडावं लागतं हे त्याला कळायला लागतं. हे आपण मुलांना तोंडाने शंभरदा सांगतो आणि ती तेवढ्याच वेळा कानाआड करतात. तोच व्यवहार एक आलेख चौदा वर्षांच्या मुलाच्या गळी उतरवतो. उपदेश न करता उतरवतो, म्हणून तर मुलगा ते ऐकून घेतो.

तुमच्यासाठी एक सोपं उदाहरण देते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत लहानपणी बसला असाल. ती प्रीमियर पद्मिनी, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. मूळ गाडी फियाटची. इंजिन चार सिलिंडरचं, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. आता दहावीच्या पुस्तकातलं वृत्तचितीचं घनफळ आठवा. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, उंची ७.५. एका सिलिंडरचे २७२ घन सेंटिमीटर भरतात, चारांचे १०८९. गाडीच्या कागदावरचे 'सीसी' ते हेच. आता बोअर फक्त चार मिलिमीटरने वाढवून ७२ करा आणि स्ट्रोक तसाच ठेवा. इंजिन थेट १२२१ सीसीचं होतं! चार मिलिमीटरला १३२ सीसी का वाढले, कारण त्रिज्येचा वर्ग होतो. हा प्रश्न मी वर्गात फळ्यावर घातला असता तर मागच्या दोन बाकांनी जांभया दिल्या असत्या. गेममध्ये बोअरचा दांडा सरकवताना मुलं तो स्वतः होऊन सोडवतात. तुमचं मूल हे गणित कागदावर करून दाखवू शकतं का, एवढं एकदा विचारून बघा. नाही आलं तरी ओरडू नका, दोघं मिळून करा. आकडेमोड दहा मिनिटांची आहे.

आणि मग त्याला त्याहून मोठा प्रश्न विचारा: ही गाडी तू कोणासाठी केलीस?

सुरुवातीला सगळी मुलं एकच गाडी बनवतात, जगातली सर्वांत वेगवान. व्ही-एट इंजिन, दोन टर्बो, रुंद टायर. ती गाडी बनते आणि तिला गिऱ्हाईक मिळत नाही. गेममध्ये बाजारही आहे. कुणाला कुटुंबाची गाडी हवी असते, कुणाला स्वस्तातली, कुणाला मालवाहू, आणि प्रत्येक गिऱ्हाईक सुरक्षितता, अ‍ॅव्हरेज, दुरुस्तीचा खर्च, आराम यांना आपापल्या हिशेबाने गुण देतं. वेगाचं वेड ओसरून मूल या बाजाराकडे वळतं तेव्हा खेळ खरा रंगतो.

तेव्हा तुम्ही एक काम द्या. सांगा, आपल्या परळ-दादरच्या रस्त्यांवर चालणारी टॅक्सी बनव. ड्रायव्हरला अ‍ॅव्हरेज हवं. बिघाड झाला तर फुटपाथवरच्या मिस्त्रीला एका पान्याने उघडता यायला हवी. डिकीत दोन बॅगा मावायला हव्यात आणि ट्रॅफिकमध्ये तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगली तरी तापता कामा नये. शिवाय खड्डे आहेतच. खड्ड्यांसाठी गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो, मग वळणावर ती जास्त कलते, मग सस्पेन्शन पुन्हा जुळवा. असं काम घेऊन बसलेलं मूल तुम्हालाच उलटे प्रश्न विचारायला लागेल. "बाबा, टॅक्सी दिवसाला साधारण किती किलोमीटर चालते?" तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर पुढच्या वेळी टॅक्सीत बसाल तेव्हा ड्रायव्हरकाकांना त्यालाच विचारू द्या. पद्मिनी काय होती ते सांगताना जुन्या ड्रायव्हरांचे डोळे कसे चमकतात, तेही त्याला दिसेल. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. म्हणजे तुमच्या मुलाने ती रस्त्यावर पाहिलेली असण्याचा संभव आहे.

या खेळाची ओढ आपल्या गिरगाव-परळ भागातल्या मुलांना का लागते, याचं माझं एक उत्तर आहे. कोल्हापूरच्या मुलाला उद्यमनगरात चक्कर मारली तर लेथ फिरताना दिसतो. एखाद्या गावातल्या मुलाच्या अंगणात मामाची मोटारसायकल उघडून पडलेली असते. गिरगावातल्या चाळीत वाढणाऱ्या मुलाला काय उघडता येणार? गॅलरीत सायकल ठेवली तरी शेजारचे बोलतात. लालबागच्या टॉवरमध्ये घर मिळालं तर खाली पार्किंगची एक चौकट मिळते, तिथे बॉनेट उघडून बसलं की वॉचमन येतो. मोटारीचे सुटे भाग मात्र या मुलांच्या नाकासमोर आहेत. ऑपेरा हाऊसच्या परिसरात क्लच प्लेटपासून हेडलाइटपर्यंत सगळं लटकलेलं असतं आणि मुलं शाळेच्या बसमधून ते रोज बघत जातात. हात लावायला जागा नाही, म्हणून ती पडद्यावर गॅरेज काढून बसतात. त्यांच्या वाट्याला आलेलं तेवढं एकच गॅरेज आहे.

आणि हा भाग मोटारीला परका नाही बरं का. जनरल मोटर्सने हिंदुस्थानात गाड्या जोडायला सुरुवात केली ती १९२८ साली, आपल्या शिवडीत. बेस्टची पहिली मोटारबस धावली १५ जुलै १९२६ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. मध्य रेल्वेचा परळचा कारखाना तर एकोणिसाव्या शतकातला. गिरण्यांमधल्या फिटर आणि टर्नर मंडळींची वस्ती याच गल्ल्यांमधली. तुमच्या घरात असे एखादे आजोबा अजून असतील तर मी हात जोडून सांगते, त्यांना आणि नातवाला एकत्र बसवा. १९८२च्या गिरणी संपानंतर ज्यांच्या हातातला पाना सुटला तो सुटलाच, अशी माणसं आपल्या ज्ञानाबद्दल फारसं बोलत नाहीत. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. नातू मिलिमीटरमध्ये बोलेल, आजोबा इंच-सुतात बोलतील, थोडा गोंधळ होईल. पण बेअरिंग गेलं हे आवाजावरून कसं ओळखायचं, नट किती आवळला की पुरे आणि कधी त्याचे आटे जातात, हे आजोबांना ठाऊक आहे. गेममध्ये ते कुठेच सापडणार नाही.

गेमच्या मर्यादा आहेतच. गंजून बसलेला नट तिथे नाही. हाताला ग्रीस लागत नाही, बोट सोलवटत नाही. आकडा बदलला की भाग तत्क्षणी बदलतो; खऱ्या गॅरेजमध्ये तो भाग उद्या येतो आणि आला की चुकीचा निघतो. आणि तिथे आपलं हिंदमाता नाही. पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यात गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर पिस्टन ते दाबायला जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही सेकंदांत इंजिनकाम निघतं. टॅक्सीचं इंजिन बनवणाऱ्या मुलाला हे सांगितलंत तर तो नक्की थबकेल, आणि हवा घ्यायचं तोंड गाडीत कुठे ठेवावं याचा विचार करायला लागेल.

म्हणून पडद्याच्या जोडीला खरी यंत्रं दाखवा. त्यासाठी लांब जायला नको. गणपतीत लालबाग-गिरगावच्या मंडळांत हलते देखावे असतात, राक्षसाचा हात वर-खाली होतो, रथाचं चाक फिरतं. पुढून बघून झालं की कार्यकर्त्यांना विनंती करून एकदा मागच्या बाजूला न्या. एक मोटर, वेग कमी करणारे गिअर आणि वेडीवाकडी फिरणारी एक चकती, म्हणजे कॅम. गेममध्ये ज्याचा नुसता आकडा आहे ती वस्तू तिथे लाकडाची नाहीतर पत्र्याची, खिळे ठोकून बसवलेली असते. आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय बघा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र तर आपल्या हाकेच्या अंतरावर. त्याहून सोपं म्हणजे सायकलचं मागचं चाक घरात घेऊन साखळी उतरवायला द्या. वर्तमानपत्र अंथरा आणि तासभर बोलू नका.

माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनियरिंग कॉलेजची मुलं एक बग्गीसारखी गाडी बनवतात, खडबडीत रस्त्यांवरची एका माणसाची. 'बाहा एसएई इंडिया' या स्पर्धेसाठी. ही स्पर्धा २००७ पासून होते आणि इंदूरजवळच्या पिथमपूरने तिच्या बऱ्याच फेऱ्या पाहिल्यात. तिथला मला आवडणारा नियम असा की इंजिन सगळ्यांना एकसारखं, अवघ्या दहा हॉर्सपॉवरचं, आणि त्यात बदल करायचा नाही. म्हणजे ताकदीवर कुणी जिंकू शकत नाही. वजन कुठे वाचवलं, सस्पेन्शन कसं बसवलं आणि चार तासांच्या शेवटच्या शर्यतीत गाडी तुटली की टिकली, यावर निकाल लागतो. कितीतरी गाड्या त्या चार तासांत बंद पडतात. आधी सगळं संगणकावर तपासलेलं असतं, तरीही वेल्डिंग नको तिथे सुटतं. कॉलेजची ही मुलं शाळकरी मुलांना भेटली तर आनंदाने बोलतात. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांची गाडी एकदा दाखवून आणा.

आता ज्याने तुमची झोप उडते त्या गोष्टीबद्दल. गेममध्ये अडीचशेच्या वेगाने भिंतीला धडकलं तर एक बटण दाबून गाडी नवी होते. खऱ्या रस्त्यावर ते बटण नाही, आणि किनारी रस्ता झाल्यापासून रात्री कर्कश सायलेन्सरचे आवाज आपण सगळेच ऐकतो. तिथे सरळ भागात ८० आणि बोगद्यात ६०ची मर्यादा आहे, ती पाळणारे किती ते तुम्ही जाणता. म्हणून हे बोलणं टाळू नका. कंपनीने दिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मनाई आहे. आणि अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो; मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्सही मिळत नाही. हे दम देण्याच्या सुरात सांगू नका. ट्यूनिंग कळणाऱ्या मुलाला ब्रेकचं अंतर कळतं. त्यालाच काढायला सांगा: वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत किती पट अंतर लागेल? उत्तर चौपट येतं, आणि ते त्याचं स्वतःचं असतं.

पैशांचं काय? मूल म्हणेल, या गेमला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, लॅमिंग्टन रोडवर मिळतं. मिळतं, आणि त्याच्या किमतीत घरातला एखादा महिना निघतो. मी तरी लगेच घेऊन देणार नाही. पडदा थोडा अडखळला तरी आलेख तोच दिसतो. घेऊच नये असंही माझं म्हणणं नाही. त्याने आधी एक वही भरून दाखवावी. काय बदललं, का बदललं, काय होईल असं वाटलं होतं आणि काय झालं, एवढे चार रकाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. चार दांडे एकदम सरकवणारा मुलगा नशीब आजमावत असतो. एकच सरकवून थांबणारा प्रयोग करत असतो, आणि हा फरक तुम्हाला गाडीतलं ओ की ठो कळत नसलं तरी वहीतून दिसेल. झोपेची आणि अभ्यासाची वेळ मात्र या गेमलाही तीच, जी बाकीच्या गेमना. इंजिन चांगलं चाललंय म्हणून रात्री बारापर्यंत बसायची सवलत नाही.

शेवटची विनंती जरा वेगळ्या पालकांना. बंदी घालणाऱ्यांपेक्षा मला त्यांची धास्ती जास्त वाटते. मुलाने दोन इंजिनं नीट जुळवली की हे लगेच म्हणतात, "मग ऑटोमोबाईललाच घालू याला," आणि दुसऱ्या दिवशी क्लासचं माहितीपत्रक घरात येतं. तिसऱ्या दिवशी मूल गेम उघडत नाही. आपण प्रेमापोटी करतो हे, ठाऊक आहे मला. तरी थांबा. तो इंजिनियर होईल, होणार नाही, कदाचित नाटकाचं नेपथ्य करेल किंवा बँकेत जाईल. आत्ता तो चौदा वर्षांचा आहे आणि टॅक्सीचा तिसरा गिअर त्याला छळतोय, तेवढं त्याला छळू द्या.

या आठवड्यात एका संध्याकाळी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसा आणि विचारा, ही गाडी कोणासाठी केलीस, आणि तिच्यात काय मिळवायला काय सोडलंस? उत्तर लांबलं तर लांबू द्या. तुमचा फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा. दुसरी खोली नसेल तर डब्यात घालून माळ्यावर ठेवा.